उंबऱ्यावरची घागर

गेल्या वैशाखात गावाने उन्हापायी दोन माणसं घालवली. एक केळीच्या बागेत मजुरीला आलेला परगावचा. बांधावर बसला तो उठलाच नाही. दुसरी खालच्या गल्लीतली मंजाआजी. ती घरात एकटीच असायची. शेळी दिवसभर ओरडत राहिली म्हणून दुसऱ्या दिवशी शेजाऱ्यांनी दार लोटलं, तेव्हा कळलं. वय झालं होतं, असं म्हणून गाव तेराव्याला जेवून मोकळं झालं. नूतनच्या मनातून मात्र ती शेळी जाईना.

नूतन गावची आशाताई. यंदा पाडवा झाला आणि तिने मारुतीच्या ओट्यावर बायामाणसांना गोळा केलं. सातपुडा फाल्गुनातच करपून तांबडा पडला होता. ओट्याच्या फरशीवर संध्याकाळी सहालाही बूड टेकवत नव्हतं.

"यंदा पारा शेहेचाळीसच्या पुढे जाईल म्हणतात," नूतन म्हणाली. "माणूस पडल्यावर धावण्यापेक्षा आधीच तयारी करू."

तयारी तिने मनाशी पक्की करून आणली होती. शाळेची उत्तरेकडची खोली थंड ठेवायची, खिडक्यांना ओले गोणपाट. एक खाट, बॅटरीवर चालणारा पंखा, थर्माकोलच्या डब्यात बर्फ. बर्फ रोज सकाळी चोपड्याहून नवल आणणार. नवलची पिकअप केळीचे घड वाहायची. सरकारी गाडी यायला पाऊण तास लागतो, तोवर माणूस नवलच्या गाडीत घालायचं असं ठरलं. आणि दुपारी ज्या घरात दुसरं माणूस नसतं, त्या घरांची यादी.

यादीवरूनच भांडण झालं.

"मनी सासूनं नाव कसाले लिखं?" मोहिनी उठून उभी राहिली. "ती एकटी शे का? आम्ही काय मरी गयात?"

"घर वेगळं ना तुमचं, मोहिनीताई."

"चूल वेगळी शे. भिंत वेगळी शे. एकटी कशी व्हयनी?"

एकट्यांच्या यादीत आपलं माणूस कोणालाच नको होतं. शेवटी नूतनने वरचा मथळा खोडला आणि 'दुपारची यादी' असं लिहिलं. मग नावं निमूट आली.

दुसऱ्या दिवशी शाळेत तालीम झाली. आजारी माणूस म्हणून झुलाल नानांना खाटेवर निजवलं. पंचाहत्तरीचे नाना डोळे मिटून पडले, बायांनी त्यांच्या अंगावर ओलं धोतर टाकलं, काखेत बर्फाच्या पिशव्या दिल्या. थोड्या वेळाने नानांनी एक डोळा उघडला.

"आते चहा दे वं नूतन, नही ते खरंच मरी जासू."

भिकुबाई त्या दिवशी कितीतरी दिवसांनी हसली.

भिकुबाई बासष्ट वर्षांची. नवरा जाऊन आठ वर्षं झाली, मूलबाळ नाही. पहाटे चारला उठून अंघोळ, तुळशीला पाणी, मारुतीला दिवा, सोमवार-शनिवारी एक वेळ जेवण, आणि चैत्री पौर्णिमेपासून वैशाखस्नान. कोणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. नूतनने चार गल्ल्यांना चार बाया नेमल्या, त्यात वरच्या गल्लीला भिकुबाई. सकाळी अकराला आणि दुपारी चारला सहा दारी जायचं. माणूस बोलतंय ना, पाणी पितंय ना, अंग तापलंय का ते पाहायचं आणि वहीत खूण करायची.

वहीतली सहा नावं नूतनने वाचून दाखवली. सहावं ऐकून भिकुबाईने पदर तोंडाला लावला.

"हाई नाव दुसरीले दे."

सहावं नाव ताईबाईचं होतं. ताईबाई म्हणजे तिची थोरली जाऊ, भिंतीला भिंत लागून राहणारी.

"गल्ली तुमची आहे, काकू. एका घरासाठी दुसरी बाई कुठून आणू?"

"बोलनं नही मनं तिन्हासंगे."

"मग बोलू नका," नूतन म्हणाली. "जिवंत आहे एवढं बघा."

ते बोलणं बंद होऊन अकरा वर्षं झाली होती. विहिरीच्या पाळीवरून भावाभावांचं लागलं. पंप कोणी किती वेळ चालवायचा, एवढंच निमित्त. पण श्रावणात कानबाई बसली, सगळे भाऊबंद देवीच्या प्रसादाचे रोट खायला जमले, आणि भर पंगतीत ताईबाई बोलून गेली, "तुमना वाटा कोन खावाले शे?" मूल नसलेल्या बाईला. भिकुबाईने ताट सरकवलं, चौरंगावरच्या कानबाईपुढे गेली आणि देवीच्या नारळावर हात ठेवला. हिच्याशी बोलणार नाही, हिचा उंबरा ओलांडणार नाही. पुढे जेठ, म्हणजे ताईबाईचा नवरा गेला, तेव्हा ती गल्लीतून रडली. तिचा नवरा गेला, तेव्हा ताईबाईने गल्लीतून हात जोडले. ताईबाईचा मुलगा दीपक सुरतेला कापडाच्या गिरणीत लागला. भिंतीच्या अलीकडे एक बाई उरली, पलीकडे एक.

फेरी सुरू झाली. अकरा वाजता डोक्यावर ओला टॉवेल, त्यावर पदर, हातात वही. गल्लीतला धुरळा चपलेतून तळव्याला भाजायचा. पहिलं दार झुलाल नानांचं.

"नाना, शेतस का?"

"नही शे. गया वर. तुना नावनी चिठ्ठी लिखी ठेयेल शे, लई जाय."

"पाणी पिनात?"

"पाणी पेवाले सांगाकरता सरकारनी बाई ठेई का रे भो!" नाना खाटेवरूनच म्हणायचे. पण तिच्यादेखत तांब्या तोंडाला लावायचे.

कोणी बसवून घ्यायचं आणि उठू द्यायचं नाही, कोणी दारातून परतवायचं. मोहिनीची सासू हात हातात धरून ठेवायची, काही न बोलता. भिकुबाईचा हात एरवी कोणी धरत नसे. तो सोडवून घेताना तिला दरवेळी उगाच अपराध्यासारखं व्हायचं.

मग सहावं दार. पहिल्या दिवशी ती पायरीखाली उभी राहिली आणि काय करावं कळेना. हाक मारायची नाही. आत जायचं नाही. तिने खोकून पाहिलं. मग पुढे वाकून दाराची कडी दोनदा वाजवली. आत हालचाल थांबली. मग पाट्यावर वरवंटा आपटल्याचा आवाज आला. एकदाच, जोरात. म्हणजे ताईबाईला कळलं होतं कोण आहे ते, आणि जिवंत आहे मेली नाही, हेही तिने कळवलं होतं. भिकुबाईने वहीत खूण केली.

तेव्हापासून रोज तसंच चाललं. कडी दोनदा, वरवंटा एकदा. कधी कधी भिकुबाई कडी वाजवायच्या आधीच वरवंटा आपटला जाई. ताईबाई वाटच पाहत बसलेली असावी. त्या दिवशी खूण करताना भिकुबाईची पेन्सिल जरा अडखळायची.

उन्हाने चवताळल्यागत केलं. दुपारी कावळासुद्धा चोच उघडी टाकून लिंबाच्या आत बसलेला दिसायचा. केळीची पानं मधोमध फाटून खाली लोंबत होती. रात्री अंथरूण भाजायचं, भिंत हाताला कढत लागायची. एकदा पहाटे भिंतीपलीकडे काहीतरी फुटलं, पाणी सांडलं आणि ताईबाईने कचकचीत शिवी दिली. तिचा माठ गेला, एवढं भिकुबाईला कळलं. पुढे चारआठ दिवस पलीकडून पाण्याच्या प्लास्टिकच्या डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज येत राहिला. असल्या उन्हात डब्यातलं पाणी म्हणजे नुसता काढा.

ग्रामपंचायतीने तेवढ्यात कुंभाराकडून बारा घागरी घेतल्या. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्यतृतीयेच्या तोंडावर कुंभाराकडे घागरी भरपूर असतात. ज्यांच्याकडे माठ नाही त्यांना एकेक द्यायची. धूळ जाऊ नये म्हणून वर झाकायला एकेक लोटी. आणि नूतनने पदरचं घालून बाजारातून डांगरं, म्हणजे खरबुजं आणली होती. उन्हात डांगर पोटाला थंड.

"काकू, ताईबाईची तुम्हीच ठेवून द्या," ती घाईत म्हणाली. तिला आखाजीसाठी दुसऱ्या दिवशीच माहेरी निघायचं होतं. "सण झाला की येतेच मी."

भिकुबाईने पहाटे अंघोळ करून ताईबाईसाठी ती घागर भरली. कोरी घागर कुंकवाशिवाय भरायची नाही, ही सासूची शिकवण. सासू दोघींची एकच. ओल्या बोटाने तिने घागरीला कुंकू ओढलं, गळ्याला दोरा बांधला, वर लोटी ठेवली, लोटीवर डांगर. उजाडायच्या आत ती कमरेवर घेऊन पलीकडे गेली आणि उंबऱ्याला लागून अलगद टेकवली. घागर पाझरत होती, गार वास येत होता. पाणी गार होईल, अक्का पिईल. अक्का. हा शब्द मनात आला तेव्हा ती स्वतःच दचकली.

अकराच्या फेरीला ती निघाली, तर घागर तिच्याच उंबऱ्यावर होती. पालथी. पाणी मातीने पिऊन टाकलं होतं. झुलाल नानांची बकरी डांगराची साल चघळत उभी होती.

समोरच्या खाटेवरून नाना म्हणाले, "तुले काही समजस का वं?"

"काय व्हयनं नाना?"

"सकाय कोनता सण शे?"

"आखाजी." सण उद्यावर आला होता.

"मंग? लाल घागर. वर लोटी. लोटीवर डांगर. कुंकूबी लायेल. जित्ती बाईना उंबरावर तू पितरनी घागर ठेई उनी."

भिकुबाई तिथेच भिंतीला टेकली. आखाजीला घरोघर मेलेल्यांच्या नावाने अशीच घागर भरतात, अशीच, लोटी आणि डांगरासकट. तिने चाळीस वर्षं भरली होती. हातांना दुसरं काही येतच नव्हतं.

"मी पेवाले पाणी ठेवं व्हतं, नाना. खरंच. नूतननी डांगर दिधं व्हतं."

"ते माले समजनं. तिले कोन सांगी?"

"तुम्ही सांगा."

"मी नही पडत जेठानी-देरानीमा. तुमना सासराबी नही पडना, तो ते देवमाणूस व्हता."

तिने जाऊन कडी वाजवली. आतून वरवंटा आपटला नाही. बऱ्याच वेळाने थुंकल्याचा आवाज आला, मुद्दाम दाराजवळ येऊन थुंकल्यासारखा. भिकुबाईने खूण केली. चार वाजता पुन्हा गेली. पुन्हा तेच. तिला दाराच्या फटीतून एवढंच ओरडावंसं वाटत होतं, अक्का, ते प्यायचं पाणी होतं. ओठ उघडलेही. कानबाईच्या नारळाचा खरबरीत स्पर्श तळहाताला आठवला आणि ते मिटले.

आखाजीचा दिवस उजाडला. गावातल्या लेकीबाळी आल्या होत्या, लिंबाला झोके पडले होते; आणि गावच्या बहुतेक सुना आपापल्या माहेरी गेल्या होत्या. नूतन माहेरी. चार गल्ल्यांच्या चार बायांपैकी तिघी माहेरी. सणाला घरोघर माणसं असतील, असं सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. भिकुबाईला जायला माहेर उरलं नव्हतं, म्हणून ती तेवढी राहिली.

नऊला वीज गेली. साडेदहाला वारा असा सुटला की जणू भट्टीचं तोंड उघडलं. ती दारोदार फिरली. बहुतेक घरांत पुरणाचा वास, पोराबाळांचा कलकलाट. मोहिनीच्या सासूजवळही आज दोन नाती बसल्या होत्या. हात कोणी धरला नाही.

सहाव्या दारी कडी दोनदा वाजवली.

काही नाही.

पुन्हा वाजवली. आत सामसूम. थुंकणंही नाही. धरू दे राग, ती मनात म्हणाली. चूक आपली. बारा वेळा थुंकली तरी कमीच. तिने वहीत खूण केली नाही, पण पेन्सिल कानाला लावून घरी आली. सणाचा नैवेद्य राहिला होता आणि ती उपाशी होती.

घागर भरली. उंबऱ्यावर कुंकवाचं एकेक बोट ओढत एकेक नाव घेतलं. सासरा. सासू. जेठ. आणि शेवटी ज्याचं नाव तिने जिवंतपणी कधी तोंडाने उच्चारलं नव्हतं तो. मग निखाऱ्यावर पुरणपोळीचा तुकडा, भात, वर तुपाची धार. आगारी दिली. धूर उठला, तुपाचा खमंग वास घरभर झाला आणि तिने हात जोडले.

हात जोडलेलेच होते, तेव्हा तिच्या नाकाला काहीतरी कमी वाटलं.

दरसाल दोन वास यायचे. एक आपल्या चुलीतला, एक भिंतीच्या वरच्या फटीतून पलीकडून येणारा. जेठ गेल्याला नऊ वर्षं झाली. त्या नऊ वर्षांत ताईबाईने आगारी चुकवली नव्हती. एका वर्षी तिला ताप होता, तरी दुपारी बारापर्यंत तूप जळाल्याचा वास आला होता. ती भिकुबाईवर रागवेल, जगावर रागवेल. नवऱ्याला उपाशी ठेवणार नाही.

भिकुबाई उठली. चपला घालायचं राहून गेलं. उन्हात पाय टाकला तसे तळवे चरचरले.

कडी वाजवलीच नाही तिने. दार नुसतं लोटलेलं होतं, ते ढकललं. उंबऱ्यावर कुंकवाचं एकच बोट ओढलेलं होतं, अर्धवट, शेवटी घसरलेलं. त्याच्या पलीकडे, अंधाऱ्या घरात, चुलीपासून हातभर अंतरावर ताईबाई कुशीवर पडली होती. कुंकवाची वाटी लवंडलेली.

उंबरा ओलांडताना भिकुबाईला काही वाटलं नाही. वाटायला वेळच नव्हता. जवळ जाऊन कपाळाला हात लावला आणि तो मागे घेतला. तव्याला लावावा तसा. कातडी कोरडी ठाक, घामाचा टिपूस नाही. पत्र्याखालच्या त्या खोलीत श्वास घेतला तरी घसा जळत होता.

बटणांच्या फोनमध्ये दोन नंबरवर नूतन होती. झोक्यावरच्या गाण्यांचा गलका ऐकू आला, मग नूतनचा आवाज.

"काकू?"

"अक्का पडनी. आग शे आग, अंग. घाम नही."

गलका लांब गेला. नूतन कुठेतरी कोपऱ्यात पळाली असावी. "मी नवलला लावते. फोन ठेवू नका. तोंडात पाणी घालू नका, ऐकलं? ठसका लागेल. अंगावर ओता. लुगडं सैल करा."

भिकुबाईने डबा उचलला. त्यातलं पाणी कोमट होतं, तसंच ओतलं. डोक्यावर, छातीवर, मानेवर. लुगड्याची गाठ सोडली. अकरा वर्षांत ताईबाई इतकी वाळली होती हे तिला माहीत नव्हतं. बरगड्या मोजून घ्याव्यात अशा. सुपाने वारा घालू लागली.

"बोलते का बघा. नाव विचारा."

भिकुबाईने ओठ ओले केले. "अक्का. वं अक्का. तुनं नाव काय शे?"

जावेला तिचं नाव विचारायचं! पण ताईबाईचे ओठ हलले. "ताई."

"सांगस, नाव सांगस!"

"बरं. आता विचारा, घरात कोण कोण आहे. बरोबर सांगते का बघा."

भिकुबाई खाली वाकली. "घरमा कोन कोन शे, अक्का?"

ताईबाईने डोळे उघडले. ते भिकुबाईच्या तोंडावर आले, पण तिथे थांबले नाहीत, तिच्यामागे कुठेतरी गेले. तोंडावर जरा वैतागही होता, एवढं साधं काय विचारते म्हणून.

"बठ्ठा शेतस," सगळेच आहेत असं ती म्हणाली. "बुढा खळामा शे. धाकला पंपवर गया. दीपक..." श्वास अडकला, पुन्हा लागला. "दीपक भिकुना मांडीवर निजेल शे. हळू बोल. उठी जाई तो."

सूप भिकुबाईच्या हातात तसंच राहिलं.

"काकू? काय म्हणाली? बरोबर सांगितलं का?"

खळ्यातला सासरा, पंपावरचा भिकुबाईचा नवरा कधीच गेले होते, आणि दीपक आता पस्तिशीचा होता. तो रांगता असताना ताईबाई शेतात जायची आणि तो भिकुबाईच्या मांडीवर निजायचा. पोर कोणाचं, घरात कोणी विचारत नव्हतं.

"काकू!"

"नही," भिकुबाई म्हणाली. "चुकनी ती. बठ्ठं चुकीनं सांगं."

"मग डोक्यावर गेलं ऊन. शाळेत थांबू नका, नुसता बर्फ घ्या आणि तसेच चोपड्याला."

नवलची पिकअप गल्लीत उलटी शिरली. हौद्यात केळीची हिरवी पानं अंथरली होती, त्यांवर तिला निजवलं. झुलाल नाना धोतर सावरत शाळेकडे पळाले आणि थर्माकोलचा डबाच उचलून आणला. मानेशी, काखेत, जांघेत बर्फ. मोहिनी न सांगता चढली आणि ओलं फडकं पिळत बसली. गाडी हलली तेव्हा भिकुबाई ताईबाईचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. वाटभर ती सुपाने वारा घालत होती आणि बोलत होती. काय बोलत होती ते पुढे तिला आठवलं नाही. मोहिनी म्हणाली, घागरीचंच सांगत होत्या.

दवाखान्यात कागद भरणाऱ्याने विचारलं, "पेशंटच्या कोण तुम्ही?"

"देरानी," ती म्हणाली.

ताईबाई वाचली. डॉक्टर म्हणाले, अजून अर्धा तास गेला असता तर हाती लागली नसती. बर्फ लावायला कोणी शिकवलं विचारलं, फोनवर नूतनला शाबासकी दिली. दुसऱ्या दिवशी दीपक आला आणि भिकुबाई परत गावी आली. तिची फेरी होती. चौथ्या दिवशी सकाळी गल्लीत पांढरी गाडी उभी राहिली.

दीपक आत येऊन पाया पडला. पोट सुटलं होतं, केस विरळ झाले होते.

"काकू, तुम्ही नसता तर मला तोंडच दिसलं नसतं. मायला घेऊन चाललो. आता तिकडेच ठेवतो. इथे एकटी नको."

भिकुबाईने मान हलवली. "चांगलं व्हयनं."

ताईबाई गाडीत पुढच्या सीटवर बसली होती, डोक्याला रुमाल, पायाशी कपड्यांचं बोचकं. भिकुबाई काचेपाशी गेली.

"घागर पेवानी व्हती म्हनतस," ताईबाई म्हणाली.

"हा."

"कुंकू कसाले लाई मंग?"

"कोरी व्हती. मायनी शिकाडेल."

"मायनी," ताईबाई म्हणाली. सासूला दोघी मायच म्हणायच्या. ओठाचा एक कोपरा हलला. "माले बी तेच शिकाडेल. तरीबी डोकामा नही उनं."

दीपकने डिकी आपटून बंद केली आणि पुढे आला. "काकू, त्या दिवशी माय वातात काहीतरी बोलत होती म्हणे. काय बोलत होती?"

ताईबाईने मान वळवली. पहिल्यांदाच नीट पाहिलं तिने भिकुबाईकडे. त्या डोळ्यांत भीती होती. आपल्या तोंडून काय निघून गेलं हे ठाऊक नसलेल्या माणसाची भीती.

"काही नही," भिकुबाई म्हणाली. "पाणी मांगं तिनी."

"बस?" ताईबाईने विचारलं.

"बस."

गाडी गेली. धुरळा लिंबापर्यंत उडाला आणि हळूहळू बसला. दाराला कुलूप होतं. भिकुबाईने घरात येऊन देवापुढे हात जोडले. आण मोडली म्हणून कानबाईची माफी मागायला बसली होती. बराच वेळ बसली, पण मागावीशी वाटेना. अकरा वाजले तशी उठली. टॉवेल भिजवला, वही घेतली.

"शे, शे! जित्ता शे!" ती दारात पोचायच्या आधीच झुलाल नाना ओरडले आणि तांब्या उंच धरून दाखवला.

पुढची घरं झाली. मोहिनीच्या सासूने हात धरला, आज भिकुबाईने तो लवकर सोडवला नाही. तरी पाच घरं ती किती? सव्वाअकराला फेरी आटोपली. ती गल्लीच्या मधोमध येऊन थांबली. घरी जायचं तर जायचं होतं. कोणी वाट पाहत नव्हतं, आणि आता कोणाचा रागही नव्हता. पदराचं टोक वाऱ्याने तोंडावर आलं, ते तिने बाजूला केलं नाही. ऊन डोक्यावर होतं, पायाखालची सावली एवढीशी होऊन टाचेशी बसली होती.

"ए भिकु!" नाना खाटेवरून खेकसले. "उनमा काय उभी राहिनी? गावले सांगत फिरस आनि सोता? सावलीमा ये ना वं!"

तिने आधी ऐकलंच नाही. नानांनी काठी खाटेच्या खुरावर आपटली, पुन्हा आपटली, तेव्हा ती हलली आणि त्यांच्या ओसरीच्या सावलीत जाऊन टेकली.

"पाणी पिनी का?" नानांनी विचारलं.

"नही," ती म्हणाली.

नानांनी आपला तांब्या तिच्याकडे सरकवला.